निजलेली पेशी कोण जागवतं?

आयुष्यात कधी सिगारेटला हात न लावलेल्या माणसाला फुफ्फुसाचा कर्करोग का व्हावा? चार्ल्स स्वॉन्टन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये असेच रुग्ण तपासत आणि फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गाठींची वंशावळ मांडत. गाठीत पहिला जनुकीय बदल कोणता झाला, मग कुठे शाखा फुटली, हे शोधणं हाच त्यांचा ध्यास. २०१२ साली त्यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या एकेका गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे तपासले. जवळजवळ दोन तृतीयांश बदल गाठीच्या सगळ्या भागांत सापडतच नव्हते. एका बायोप्सीवरून सगळ्या गाठीचा अंदाज बांधणाऱ्या वैद्यकाला हा हादराच होता.

धूम्रपान न करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र वंशावळीची सुरुवातच लागेना. तंबाखूचा धूर डीएनएवर ओळखू येतील असे हजारो ओरखडे ठेवून जातो. या रुग्णांच्या गाठींत ते नसतात. संशय प्रदूषित हवेवर होता. इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवानच्या नोंदी तेच सांगत होत्या: जिथे पीएम २.५ हे सूक्ष्म धूलिकण जास्त, तिथे ईजीएफआर जनुक बिघडलेले कर्करोगही जास्त. पण ओरखडाच नसेल, तर धूळ गुन्हा करते कशी?

ईजीएफआरमधला बिघाड आधीच घातलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत धूलिकण सोडले, तेव्हा गाठी वाढल्या. त्या गाठींचा डीएनए वाचला, तर धुळीमुळे नवे बदल वाढलेलेच नव्हते! मग गटाने माणसांच्या फुफ्फुसांतल्या निरोगी दिसणाऱ्या ऊतींचे २९५ नमुने बारकाईने तपासले. त्यांतल्या १८ टक्क्यांत ईजीएफआरचे आणि ५३ टक्क्यांत केआरएएस जनुकाचे, कर्करोगात दिसणारे तेच बदल हजर होते. म्हणजे बिघडलेली पेशी आधीपासून तिथेच असते, निजलेली. धूळ तिला बिघडवत नाही, जागवते.

मला या कथेतला सर्वांत विलक्षण दुवा वाटतो तो १९४७ सालचा. आयझॅक बेरेनब्लम आणि फिलिप शुबिक यांनी उंदरांच्या कातडीवर कर्करोगकारक रसायन अगदी थोडं, एकदाच लावलं. नंतर दाह निर्माण करणारं जमालगोट्याचं तेल वारंवार चोळलं. गाठी उठल्या. क्रम उलटा केला, की हा परिणाम मिळत नसे. आधी बिघाड, मग दाह, हे सूत्र तेव्हाच हाती आलं होतं. स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ साली ‘नेचर’मध्ये त्याला फुफ्फुसातला पुरावा दिला: धूळ गिळणाऱ्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात. उंदरांत ते प्रतिपिंडाने अडवलं, तर धुळीमुळे होणाऱ्या गाठी रोखल्या जातात.

याच प्रथिनाला अडवणारं औषध हृदयविकाराच्या १०,००० हून अधिक रुग्णांवर आजमावलं गेलं होतं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळला. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले होते. त्यामुळे ते सरसकट देता येत नाही. हवा स्वच्छ करणं मात्र शक्य आहे. पीएम २.५ची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे; भारताने स्वतःसाठी ठरवलेली ४०.