बंद केलेला कॉम्प्युटर आपोआप चालू का होतो?

रात्री शटडाऊन केलेला कॉम्प्युटर पहाटे तीनला आपोआप घरघरायला लागतो. घरात कोणी भुताचं नाव घेतं, कोणी हॅकरचं. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात.

मुळात तुमचा डेस्कटॉप पूर्ण बंद होतच नाही. जुन्या पीसीचं बटण दिव्याच्या बटणासारखं थेट वीजच तोडायचं. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता ते मदरबोर्डला फक्त खूण करतं. ती खूण कळायला कोणीतरी जागं हवं ना? म्हणून भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय 5 व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो. तिच्यावर बोर्डाचा छोटासा भाग रखवालदारासारखा जागा असतो. मशीन आपोआप चालू झालं, म्हणजे या रखवालदाराला कोणीतरी हाक मारली.

ती कोणी मारली, हे शोधताना आधी वेळ बघा.

वीज जाऊन आली की चालू होतो? मग बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते, ती 'ऑफ' करा. पावसाळ्यात हे महत्त्वाचं, कारण वीज ये-जा करत असताना मशीन दर वेळी उठणं हार्ड डिस्कला आणि फाइलींना चांगलं नाही.

रोज ठरावीक वेळी? बायोसमधला घड्याळाचा अलार्म तपासा. मशीन स्लीपमध्ये असेल तर विंडोजचे वेक टायमरही बघा.

टेबलाला धक्का लागला की? माऊस किंवा कीबोर्ड.

कधीही, कसंही? नेटवर्क कार्ड किंवा खुद्द बटण. नेटवर्कवरून उठवणाऱ्या 'मॅजिक पॅकेट'मध्ये एक ठरावीक बाइट 6 वेळा आणि मग कार्डाचा 6 बाइटचा पत्ता 16 वेळा येतो, एकूण 102 बाइट. हे योगायोगाने जुळणं जवळपास अशक्य. पण काही कार्डं साध्या नेटवर्क रहदारीनेही स्लीपमधून जागी होतात.

स्लीपमधून उठला असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टम' यादीत 'पॉवर-ट्रबलशूटर'ची नोंद शोधा. बऱ्याचदा तिथे उठवणाऱ्याचं नावच लिहिलेलं असतं.

नाव नसेल, तर प्रयोगशाळेतला नियम वापरा: एका वेळी एकच गोष्ट बदला. आज नेटवर्कची केबल काढा, वाट बघा. उद्या ती परत लावून माऊस काढा. सगळं एकदम काढलंत तर त्रास थांबेल, पण कारण कळणार नाही. शेवटी प्लग काढून, बटणाची बोर्डावरची वायर सोडवा आणि प्लग परत लावा. तरीही चालू झाला, तर संशय बोर्ड किंवा पॉवर सप्लायवर. पॉवर सप्लाय मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो.

रोज भिंतीवरचा स्विच बंद करणं हाही उपाय आहेच. फक्त मग बोर्डाचं घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चालतं आणि तो लवकर संपतो.