उसने शहाणपण

आपल्या दुकानात कोणता माल भरावा, हे परगावच्या माणसास पैसे मोजून विचारणारा व्यापारी तेरच्या पेठेत आढळणार नाही. पण नळयोजना वा गटार यांचा आराखडा बाहेरच्या सल्लागारांनी करावा आणि लोकनियुक्त सभेने त्यावर मान डोलवावी, ही वहिवाट मात्र महानगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत रूढ झाली आहे.

परके ज्ञान त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ज्या तगर नगरीतून भडोच बंदराकडे मलमल जात असे, ती नगरी म्हणजेच हे तेर, हे १९०१ साली फ्लीट या इंग्रज पंडिताने सप्रमाण मांडले. त्याचे ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या भूमीतून निघालेली मृण्मयी शिल्पे, नाणी व मणी जपून ठेवले ते तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांच्या संग्रहातूनच आजचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ज्या गावात नळासाठी चर खणताना सातवाहनकालीन अवशेषांस कुदळ लागण्याचा संभव, तेथे चर कोठून न्यावा हे दूरच्या कचेरीत बसून कसे उमगणार?

मुंबईचा दाखला ताजा आहे. तेथील महानगरपालिकेने पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचे काम बाहेरच्या कंपनीस दिले. २०१५ साली मसुदा प्रसिद्ध झाला आणि एकच गिल्ला उठला! रस्ते उभ्या इमारतींवरून गेलेले, प्रार्थनास्थळांच्या व वारसावास्तूंच्या नोंदी चुकलेल्या. त्याच एप्रिलात राज्य सरकारला तो नव्याने तपासण्याचा हुकूम सोडावा लागला, आणि मंजुरीस २०१८ साल उजाडले. मुंबईपाशी इंजिनिअरांची फौज आहे, वर्तमानपत्रे आहेत. म्हणून चुका उघड तरी झाल्या. लहान गावात त्या जमिनीखाली गाडल्या जातील.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने एकोणतीस विषय पंचायतींच्या कक्षेत मांडले. पण अंदाजपत्रक वाचू शकणारा माणूस पंचायतीपाशी नसेल, तर हे अधिकार कागदावरच राहावयाचे. सरकार सल्लागारास फी देते. तेवढ्याच उत्साहाने तालुक्यास कायम इंजिनिअर का देत नाही?

तोवर एवढे तरी व्हावे. आराखडा मराठीत लिहिला जावा, ग्रामसभेत नकाशासह मोठ्याने वाचला जावा, सल्लागाराने स्वतः तेथे उभे राहून शेतकऱ्याच्या व कुंभाराच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत. ज्या गावी गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांचीही परीक्षा केली, तेथे सल्लागारास परीक्षेचा संकोच नसावा. सभेचे समाधान होईपर्यंत फीचा शेवटचा हप्ता रोखून धरावा, आणि ही अट करारातच घालावी.