दवाखान्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी स्वतःला शहाणा समजत असल्यामुळे तिच्या जोडीला आणखी एक पायरी वर्ज्य करून टाकली होती, मनाच्या डॉक्टरांची! आमच्या कोकणात कुणी जरा वेडेवाकडे बोलला की 'ह्याला रत्नागिरीला धाडा' असे म्हणण्याची रीत आहे. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही थट्टा मीही अनेकदा केली आहे. ती एक दिवस माझ्याच घरात येऊन बसेल, असे मात्र वाटले नव्हते.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी पेठेत शिरले. २००५ सालचा पूर पाहिलेला. त्याच अंदाजाने गाठोडी वरच्या फळीवर चढवून मी निर्धास्त होतो. पाण्याने ती फळीही गिळली. गणपतीसाठी भरलेला सगळा माल चिखलात गेला. पुढचे तीन महिने मी राक्षसासारखा राबलो. चिखल उपसला, कर्ज काढले, दुकान पुन्हा उभे केले. लोक म्हणाले, "माणूस खमक्या हो!" मलाही ते खरे वाटले.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. जून २०२२ मध्ये पत्र्यावर पहिली सर वाजली आणि माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची, छाती धडधडायची. बॅटरी घेऊन मी दुकानात जाई आणि भिंतीवरची पुराची खूण पाहून परत येई. अन्न गोड लागेना. गिऱ्हाइकाशी बोलणे नकोसे झाले. पोटात सारखी आग. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पित्त असेल. डॉक्टरांना दाखवून तरी या." पित्तासाठी जायला माझी हरकत नव्हती.

आमचे डॉक्टर घरचेच म्हणायचे. माझ्या मुलांचे गोवर-कांजिण्या त्यांनीच काढले. त्यांनी पोट तपासले, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड. थायरॉईड बिघडले तरी माणूस असाच खचतो, असे ते म्हणाले. रिपोर्ट सगळे चांगले आले. मी खूष होऊन उठू लागलो, तर म्हणाले, "बसा. आता पोटाचे नाही विचारत. झोप किती वाजता मोडते?"

मग त्यांनी एक कागद पुढे ठेवला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कशाकशाचा किती दिवस त्रास झाला, एवढेच. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणे... आणि नववा प्रश्न त्यांनी कागदावरून न वाचता माझ्याकडे पाहून विचारला, "आपण नसतो तर बरे, असे मनात येते का?"

टेबलावरच्या पेपरवेटकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. शेवटी म्हणालो, "येते."

आयुष्यात इतका जड शब्द मी उचललेला नाही. आणि उच्चारल्यावर इतके हलकेही कधी वाटले नाही. डॉक्टर दचकले नाहीत की उपदेशही केला नाहीत. म्हणाले, "विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, असलेले बाहेर येतात. वहिनींना आत बोलावू का? तुमची परवानगी असेल तरच." मी मान डोलावली. ती आत आली, ऐकले, आणि नुसता माझा हात धरून बसली.

त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली. "रत्नागिरीला धाडताय?" मी विचारले. ते हसले. "खोकला झाला म्हणून कुणी लगेच ऑपरेशन करते का?"

पुढचे सरळ नव्हते. झोपेच्या गोळ्या मित्राकडून मागून घेतल्या होत्या. त्या डॉक्टरांनी काढून घेतल्या, कारण सवय लागते ती तसल्या गोळ्यांची. तज्ज्ञांनी दिलेले औषध वेगळे. त्याचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, कधी जास्तही. मला एवढा दम कुठला? शेजाऱ्याने 'ह्यांचे व्यसन लागते' म्हणताच दहाव्या दिवशी मी औषध परस्पर बंद केले. चक्कर येऊ लागली, तेव्हा पुन्हा दवाखान्यात. त्या दिवशी मात्र डॉक्टर रागावले. बंद करायचे तेव्हा हळूहळू, सांगितल्याप्रमाणे, हे त्यांनी बायकोसमोर वदवून घेतले. औषधाच्या जोडीला समुपदेशनही होते. तिथे मी पुराची ती रात्र पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत सांगितली. दिवाळीच्या सुमारास एकदा सकाळी सहाला जाग आली, आणि मी उठून चहा मागितला. घरात सण तेव्हाच सुरू झाला.

आता समजते की मी एकटा नव्हतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले, की निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. २०१७ च्या कायद्याने ते मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. पण हक्क असो की टेलिफोन, पहिला शब्द आपल्यालाच उच्चारावा लागतो. तो ओळखीच्या डॉक्टरांपुढे उच्चारणे मला सोपे गेले, एवढाच माझा अनुभव.

पाऊस अजूनही वाजतो. जून लागला की माल मी वरच्या मजल्यावर हलवतो आणि डॉक्टरांकडे एक फेरी मारून येतो. दोन्ही कामे मी बेगमीच्याच यादीत लिहिली आहेत.

मध्यंतरी पेठेतलाच एक दुकानदार माझ्याकडे आला. बराच वेळ कापड चाळत राहिला, घेतले काहीच नाही. मग हळूच म्हणाला, "तुमच्या त्या डॉक्टरांकडे... गर्दी कधी नसते हो?"

मी दुकान मुलावर सोपवले आणि चपला घातल्या. पायरी तशी फार उंच नाही. पण पहिल्यांदा चढताना बरोबर कुणी असलेले बरे.