उजनी जलाशयातील नौकेद्वारे पक्षीनिरीक्षण : समुद्रपक्षी, जलपातळी आणि निरीक्षकाची जबाबदारी

प्रस्तावना

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा आणि उत्तर व पूर्व सीमेवरून भीमा वाहते. नीरा-नरसिंहपूर येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो. बारामती-इंदापूर मार्गावरील लासुर्णे हे गाव नीरेच्या बाजूचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती करणारे. येथील अध्यापक व विद्यार्थी पक्षीनिरीक्षणास बाहेर पडतात, तेव्हा त्यांची पावले बहुधा तालुक्याच्या उत्तर कडेकडे, म्हणजे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या उजनीकाठच्या गावांकडे वळतात. तेथे मच्छीमारांच्या होड्यांतून रोहित (फ्लेमिंगो) पाहण्याची प्रथा आता सर्वपरिचित झाली आहे. परंतु त्याच होडीभोवती घिरट्या घालणाऱ्या कुरव (गल) आणि सुरय (टर्न) या पक्ष्यांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, पर्जन्यछायेच्या प्रदेशात ‘समुद्रपक्षी’ कसे येतात, होडीतून त्यांचे निरीक्षण कसे करावे आणि त्या निरीक्षणाचे पक्ष्यांवर व माणसांवर कोणते परिणाम संभवतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुद्रपक्षी : संकल्पना आणि महाराष्ट्रातील परंपरा

काटेकोर अर्थाने समुद्रपक्षी म्हणजे आयुष्याचा मोठा भाग खुल्या समुद्रावर व्यतीत करणारे आणि केवळ विणीपुरते भूमीवर येणारे पक्षी. स्टॉर्म पेट्रेल, शिअरवॉटर, बूबी, स्क्युआ हे या वर्गात मोडतात. अरबी समुद्रात हे पक्षी आढळतात, तथापि किनाऱ्यावरून ते क्वचितच दिसतात. त्यांच्या शोधासाठी किनारा दृष्टीआड होईपर्यंत नौका न्यावी लागते. पावसाळ्यातील वादळी वाऱ्याने थकून किनाऱ्यावर येऊन पडलेला एखादा बूबी हाच पुष्कळदा त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो.

महाराष्ट्रात समुद्रपक्ष्यांसाठी नौकेने जाण्याची परंपरा जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांना ए. ओ. ह्यूम यांनी १८७० च्या दशकात भेट दिली होती. पुढे १९४० च्या दशकाच्या आरंभी हुमायून अब्दुलअली यांनी तेथील सुरय आणि गुहांतून घरटी करणाऱ्या पाकोळ्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखन केले. या बेटांवर उतरणे लाटांवर आणि वाऱ्यावर अवलंबून असते, त्यामुळे निरीक्षकास नावाड्याच्या अनुभवाशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. नौकेतील पक्षीनिरीक्षण हे मुळातच दोन ज्ञानांच्या सहकार्यावर उभे असते. पक्ष्याचे ज्ञान निरीक्षकाकडे असते, तर पाण्याचे ज्ञान नावाड्याकडे. उजनीवरही हीच स्थिती आहे.

कुरव आणि सुरय यांचे स्थान मात्र निराळे आहे. त्यांना व्यवहारात समुद्रपक्षी म्हटले जात असले, तरी त्यांतील अनेक जाती समुद्र आणि गोडे पाणी अशा दोन्ही ठिकाणी राहू शकतात. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या पठारावरील उंच सरोवरांच्या काठी वीण करतो. पल्लासचा कुरव हा त्याहून बराच मोठा पक्षी मध्य आशियातील सरोवरांवरून येतो. नदी सुरय तर नावाप्रमाणे नदीचाच असून तो स्थलांतर करून दूर देशी जात नाही. सारांश, उजनीवरील कुरव हा वाट चुकलेला समुद्रपक्षी नसून एका जलाशयाकडून दुसऱ्या जलाशयाकडे आलेला प्रवासी आहे.

खारे पाणी व गोडे पाणी यांतील ही ये-जा शरीररचनेमुळे शक्य होते. समुद्राचे पाणी व समुद्री अन्न यांबरोबर शरीरात जाणारे अतिरिक्त मीठ एकट्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. या पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस क्षारग्रंथी असतात. त्या रक्तातील मीठ वेगळे करून नाकपुड्यांवाटे दाट खाऱ्या द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नट श्मिट-नील्सन यांनी पाणकावळ्यावरील प्रयोगांतून या ग्रंथींचे कार्य उलगडले. गोड्या पाण्यावर राहणाऱ्या पक्ष्यात या ग्रंथी लहान व निष्क्रिय राहतात आणि खाऱ्या पाण्याशी संबंध येताच त्यांचे कार्य वाढते.

उजनी जलाशयाचे स्वरूप

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात बांधलेल्या या धरणाच्या पाण्याचा फुगवटा इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांत पसरला आहे. यशवंतसागर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट मृतसाठा आणि सुमारे ५३ अब्ज घनफूट उपयुक्त साठा होय. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असल्याने पाणी त्याच्याही खाली गेले की ‘धरण वजा पातळीत गेले’ असे म्हटले जाते. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात हा अनुभव तीव्रतेने आला.

हा जलाशय रिकाम्या भूमीवर निर्माण झालेला नाही. त्याखाली गावे, शेते आणि मंदिरे गेली. पाणी उतरले की जुन्या पळसदेव येथील मंदिर आजही उघडे पडते. विस्थापनानंतर या पाण्यावर मासेमारीचा नवा व्यवसाय उभा राहिला. चिलापी, रोहू, कटला, मरळ हे मासे आणि भिगवणचा मासळीबाजार ही या पाण्याची दुसरी ओळख झाली. आज पक्षीनिरीक्षकास घेऊन जाणारा नावाडी बहुधा याच व्यवसायातील असतो.

पक्ष्यांच्या दृष्टीने जलाशयाची खोली जितकी महत्त्वाची, तितकाच त्याचा उतार महत्त्वाचा ठरतो. भिगवण-डिकसळ परिसरात जलाशयाचा काठ सपाट आहे. पावसाळ्यानंतर भरलेले पाणी सिंचनासाठी व पिण्यासाठी सोडले जाऊ लागले की पातळी थोडी जरी घटली, तरी विस्तृत चिखलाण उघडी पडते. या उथळ पाण्यात रोहित आपली चोच उलटी करून सूक्ष्म जीव व शैवाल गाळून खातात, चिखलात पाणलाव्यासारखे पक्षी किडे शोधतात आणि खोल पाण्यावर कुरव व सुरय मासे टिपतात. जलपातळी हीच येथील पक्ष्यांची दिनदर्शिका आहे.

नौकेतून ओळख : काही व्यावहारिक मुद्दे

उजनीवर हिवाळ्यात दिसणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा या दोन जातींची गल्लत वारंवार होते. नावे डोक्याच्या रंगावरून पडली असली, तरी हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे असून डोळ्यामागे केवळ गडद ठिपका राहतो. अशा वेळी पंखांकडे पाहावे. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांची टोके ठळक काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात आणि डोळ्याचे बुबुळ फिकट दिसते. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढील कड पांढऱ्या पट्ट्यासारखी उजळ दिसते आणि डोळा गडद असतो. पल्लासचा कुरव आकारानेच वेगळा कळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीपूर्वी, या पक्ष्यांची डोकी रंग धरू लागतात. तेव्हा एकाच थव्यात पिसाऱ्याच्या अनेक अवस्था पाहावयास मिळतात.

सुरय कुरवांपेक्षा सडपातळ, टोकदार पंखांचे आणि बहुतेक वेळा दुभंगलेल्या शेपटीचे असतात. नदी सुरयाची चोच पिवळी असून विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी दिसते. तो पाण्यावर स्थिरावून एकदम सूर मारतो. कल्लेदार सुरय मात्र पाण्याच्या पृष्ठभागालगत उडत भक्ष्य अलगद उचलतो. ही सवय लक्षात ठेवल्यास दुरूनही ओळख पटते.

होडीतून निरीक्षण करताना सकाळची वेळ आणि पाठीशी सूर्य या दोन बाबी साधाव्यात. हलत्या होडीत अतिशय जास्त वर्धनक्षमतेची दुर्बीण उपयोगी पडत नाही, कारण वर्धनाबरोबर हाताचा व होडीचा कंपही वाढतो. आठ ते दहा पट वर्धनाची दुर्बीण पुरेशी ठरते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ आणि क्षेत्रीय ओळखीसाठी सतीश पांडे व सहकाऱ्यांचे पश्चिम घाट, कोकण व मलबारच्या पक्ष्यांवरील २००३ मधील पुस्तक हे उपयुक्त आधार आहेत.

विणीचा काळ आणि नौकेचा धोका

पर्यटकांची गर्दी हिवाळ्यात असते. परंतु नदी सुरयाच्या दृष्टीने निर्णायक काळ मार्च ते मे हा असतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूच्या व खडकाळ बेटांवर हा पक्षी साधा खळगा करून अंडी घालतो. त्या घरट्याला ना काडीचा आडोसा असतो ना सावलीचा. संरक्षण दोनच गोष्टींचे असते, बेटाभोवतीचे पाणी आणि अंड्यांवर बसलेला पालक पक्षी.

होडी बेटाजवळ आली की पालक पक्षी उडून ओरडत घिरट्या घालू लागतात. छायाचित्रकारास हे दृश्य आकर्षक वाटते. प्रत्यक्षात त्या काही मिनिटांत अंडी वैशाखातील उन्हात उघडी पडतात. सावली करणारे शरीर दूर झाल्याने अंड्यातील जीवाचे तापमान वाढते, आणि कावळे व घारी संधी साधतात. एका होडीने होणारी हानी मर्यादित असेल, पण एकामागून एक दहा होड्या गेल्यास त्या दिवशी पालकास अंड्यांवर बसण्यास अवधीच उरत नाही.

जलपातळीचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. पाणी फार लवकर घटले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे व गुरे तेथवर पोहोचतात. अवकाळी पावसाने किंवा वरच्या धरणांतून आलेल्या पाण्याने पातळी अकस्मात वाढली तर घरटी बुडतात. म्हणजे सुरयाची वीण एका अरुंद मर्यादेत यशस्वी होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने नदी सुरयाचा समावेश संकटप्रवण जातींमध्ये केला आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. सर्वत्र दिसतो म्हणून सामान्य वाटणारा हा पक्षी सुरक्षित राहिलेला नाही.

कुरवांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. मुंबईहून अलिबागच्या दिशेने जाणाऱ्या लाँचवरून प्रवासी कुरवांना तळलेले पदार्थ फेकतात आणि पक्षी लाँचमागे उडत राहतात. जलाशयावरही छायाचित्रासाठी असे खाद्य टाकण्याचा मोह होतो. मीठ व तेलयुक्त पदार्थ पक्ष्यांचे स्वाभाविक अन्न नव्हे. शिवाय हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासापूर्वी त्यांना पोषक आहाराची गरज असते.

माणसांची सुरक्षितता

धरणाने गावे जशी बुडवली तसे रस्तेही बुडवले. त्यामुळे पैलतीरी जाण्यासाठी होडी हे जलाशयकाठच्या लोकांचे दैनंदिन वाहन झाले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती पक्षीनिरीक्षणाची सहल नव्हती. तथापि पाणी, वारा आणि होडी तीच आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात, विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्यास अडथळा नसतो आणि थोड्याच वेळात मोठ्या लाटा उठतात. विद्यार्थ्यांना होडीतून नेणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाने ही घटना विसरता कामा नये. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, होडीच्या क्षमतेइतकेच प्रवासी, दुपारपूर्वी काठावर परत येण्याचा नियम आणि नावाड्याने ‘आज नको’ म्हटल्यास त्याचा शब्द अंतिम मानणे, या किमान अटी होत.

निरीक्षकाची आचारपद्धती व महाविद्यालयांची भूमिका

पक्ष्यांच्या थव्याकडे सरळ रेषेत होडी नेऊ नये, तिरकस व संथ गतीने न्यावी. इंजिनापेक्षा वल्हे किंवा बांबूने चालणारी होडी पसंत करावी. थव्यातील पक्षी खाणे थांबवून माना वर करू लागले, एकाच दिशेने चालू लागले, की ते अस्वस्थ झाले असे समजून तेथेच थांबावे. उडण्याची वाट पाहू नये. विणीच्या बेटांवर उतरू नये आणि त्यांचे नेमके स्थान छायाचित्रासोबत प्रसिद्ध करू नये. नावाड्यास ‘आणखी जवळ’ म्हणून आग्रह करू नये. त्याचे उत्पन्न पर्यटकाच्या समाधानावर अवलंबून असल्याने नकार देणे त्यास कठीण जाते. म्हणून अंतर राखण्याची जबाबदारी प्रथम निरीक्षकाची ठरते.

महाविद्यालयांचे योगदान यापुढे जाऊ शकते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते. लासुर्णे, इंदापूर, बारामती परिसरातील प्राणिशास्त्र व भूगोल विभागांनी ठरावीक मार्गाने, ठरावीक वेळी होडीतून गणना करून तिच्यासमवेत त्या दिवसाची जलपातळी नोंदवली, तर काही वर्षांत पक्षी आणि पाणी यांचा संबंध आकड्यांत मांडता येईल. मार्च ते मे या काळात बेटे केव्हा उघडी पडली, केव्हा काठास जोडली गेली आणि केव्हा बुडाली, एवढी नोंद काठावरून दुर्बिणीनेही ठेवता येते. त्यासाठी होडीची आवश्यकता नाही. मराठी विभागांनी नावाड्यांच्या तोंडची स्थानिक पक्षिनामे संकलित केल्यास तेही मोलाचे काम ठरेल.

समारोप

उजनीवरील कुरव तिबेटच्या सरोवराहून येतो, नदी सुरय याच पाण्यावर जन्मतो आणि दोघांचेही भवितव्य धरणाच्या पातळीशी बांधलेले आहे. हे पाणी शेतकऱ्याचे, मच्छीमाराचे, सोलापूरच्या नळाचे आणि पक्ष्यांचेही आहे. त्याच्या वाटपात पक्ष्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या बाजूची नोंद कोणीतरी नियमितपणे ठेवणे आवश्यक आहे. ती नोंद ठेवण्याचे साधन म्हणून होडीकडे पाहिल्यास पक्षीनिरीक्षण हा अभ्यास ठरेल. होडी कधी पाण्यात घालू नये, हे कळणे हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे.