मागच्या बाकावरचे मित्र

"डॉक्टर, याची जीभ जड आहे!" बोलताना अडखळणाऱ्या मुलाचे पालक हमखास सांगतात. दोष जिभेचा नसतो, बुद्धीही कमी नसते. गाताना हीच मुले सहसा अडखळत नाहीत. शाळेत माझा असाच एक मित्र होता. दुसऱ्याचा पाय पोलिओने गेलेला, आणि जाड भिंगांचा मी 'ढापण्या'. खेळात कोणी घेत नसे, म्हणून मागच्या बाकावर जमलो. गुरुजींसमोर अडणारा तो आमच्यापुढे घडाघडा बोले. अडलाच तर आम्ही थांबत असू. घाई कोणाला होती! आज तो कापडाचे दुकान चालवतो. अजून अडखळतो, पण गिऱ्हाईक थांबून ऐकते. पालकहो, घरीही असेच थांबा; त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्रास महिनोन्‌महिने टिकला तर वाचातज्ज्ञाला दाखवा. मुलाचे मित्र कोण, हेही मी विचारतो. पुष्कळ पालकांना सांगता येत नाही.