वापरात नसलेले पाणी आणि त्यातले क्लोरीन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टाकी भरून ठेवली, त्यात टीसीएल पावडर टाकली, घराला कुलूप लावले आणि लग्नकार्यासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेलो. परत आल्यावर ते पाणी चालेल का? कामरगावात हा प्रश्न दर उन्हाळ्यात मला कोणी ना कोणी विचारते. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. पाण्याला कोणी हात लावला नाही, म्हणजे औषध जसेच्या तसे शिल्लक असणार. धान्याच्या कोठीला हा हिशेब लागू पडतो. क्लोरीनला पडत नाही.

टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ती पाण्यात विरघळली की जे क्लोरीन तयार होते, ते जंतू मारता मारता स्वतःही खर्च होते. शिवाय त्याला जंतूच लागतात असे नाही. टाकीच्या तळाचा गाळ, भिंतीवरचे शेवाळ, झाकणाच्या फटीतून पडलेला पाला, चिमणीची विष्ठा, बुडून मेलेला किडा, या सगळ्यांवर ते आपली शक्ती घालवते. उरलेल्यावर ऊन हात मारते. उघड्या हौदातले मोकळे क्लोरीन वैशाखाच्या उन्हात काही तासांतच बहुतेक संपून जाते. झाकण घट्ट असले तर ऊन आत येत नाही, पण उष्णता येतेच, आणि पाणी जितके गरम तितकी क्लोरीनची झीज अधिक. पंधरा दिवसांनी टाकीत पाणी तेवढेच दिसेल, पण त्याचा राखणदार केव्हाच निघून गेलेला असेल.

रोजच्या वापरात निदान दर दिवसाआड नवे, क्लोरीनयुक्त पाणी येऊन मिसळत असते. बंद टाकीत ते येत नाही. म्हणून पाणी वापरले नाही की ते सुरक्षित राहते, ही समजूत नेमकी उलटी आहे.

याचे एक उदाहरण फार लांबचे आहे, पण आपल्याला लागू पडणारे आहे. श्रीमंत देशांत गरम पाण्याचे टब असतात. कोमट पाणी आत घुसळत असते आणि माणसे त्यात बसून अंग शेकतात. नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल या गावी फेब्रुवारी 1999 मध्ये फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे विक्रीसाठी असे टब मांडून, पाणी भरून चालू ठेवले होते. ते केवळ दाखवण्यासाठी होते, स्नानासाठी नव्हे. तरीही प्रदर्शनाला आलेल्या लोकांत लीजनेअर नावाच्या न्यूमोनियाची साथ पसरली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तपासाचा रोख अशाच एका टबाकडे गेला. घुसळणाऱ्या पाण्यातून उडणारे बारीक तुषार हवेत मिसळले आणि जवळून जाणाऱ्यांच्या श्वासात गेले.

या रोगाचा जंतू 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झालेल्या साथीनंतर ओळखला गेला. त्याला साधारण 25 ते 45 अंश सेल्सिअसचे, साचलेले, जंतुनाशक नसलेले पाणी मानवते. आता आपल्या गच्चीवरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. वाशीम-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 44च्या घरात जातो. त्या टाकीचा नळ दुपारी उघडला तर हात भाजतो, आणि रात्रभर पाणी कोमट राहते. गरम पाण्याचा टब आपण विकत घेत नाही, ऊनच तो आपल्याला करून देते!

मग क्लोरीन आहे की नाही, हे ओळखायचे कसे? वासावरून नको. जलतरण तलावावर जो उग्र वास येतो तो बहुधा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम-लघवीतल्या द्रव्यांशी संयोग होऊन जवळजवळ निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. गावचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, तीच खरी. परीक्षानळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. पहिल्या दहा सेकंदांत जो रंग येतो तो मोकळ्या, म्हणजे कामाच्या क्लोरीनचा. पुढे रंग गडद होत जातो, त्यात संयुक्त क्लोरीनही आलेले असते. घाईने पाहायची ही एक परीक्षा आहे. हे रसायन विषारी असल्यामुळे तपासलेले पाणी फेकून हात धुवावेत. हल्ली गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी अधिक चांगली मानतात. 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यानंतर अनेक गावांतल्या महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण मिळाले आहे. त्यांना विचारायला संकोच कशाला?

पिण्याच्या पाण्यात मोकळे क्लोरीन दर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. काविळीसारख्या विषाणूंची भीती असेल तर 0.5. टाकलेले किती हे महत्त्वाचे नाही, उरलेले किती हे महत्त्वाचे. गरम टबासाठी अमेरिकेतली आरोग्ययंत्रणा किमान 3 मिलिग्रॅम मागते, कारण तिथे उष्णता आणि माणसांचा मळ दोन्ही क्लोरीन खातात. लोणावळ्याकडच्या बंगल्यांत असे टब आता दिसू लागले आहेत. ते महिनोन्‌महिने बंद ठेवायचे असतील तर रिकामे करून वाळवून ठेवणे हाच शहाणपणा.

आपल्या टाकीचेही तेच. गावाला जाताना ती भरून जाऊ नये. पाणीटंचाईत भरलेली टाकी म्हणजे संपत्ती वाटते, हे मला मान्य आहे. पण मग परत आल्यावर ते पाणी पिण्यासाठी न घेता सडा, संडास, झाडे यांसाठी वापरावे. रिकाम्या टाकीच्या भिंती झाडूने घासाव्यात. दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम चांगली पावडर कालवून ते वरचे निवळ पाणी भिंतींना लावावे, अर्धा तास ओले ठेवावे आणि मग धुऊन काढावे. खिडक्या-झाकणे उघडी ठेवावीत. संडास साफ करायचे आम्ल त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. प्रत्येक नळ उघडून नळीत अडकलेले जुने पाणी जाऊ द्यावे. शॉवर असेल तर तुषार तोंडावर घेत उभे राहू नये.

नव्याने भरलेल्या पाण्याला हजार लिटरमागे पाच ग्रॅम पावडर पुरते. ती थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो, वरचे पाणी तेवढे टाकीत घालायचे. अर्धा तास थांबायचे आणि मग ओटी टेस्ट करायची. पिवळा रंग आला नाही तर गाळ राहिला आहे किंवा पावडर मेली आहे.

हे सर्व घरापेक्षा शाळेला अधिक लागू आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दोन महिने शाळेची टाकी उन्हात उभी असते. पहिल्या दिवशी मुलांना गुलाबाचे फूल मिळते आणि पाणी मात्र एप्रिलचे. नेमका तेव्हाच पहिला पाऊस झालेला असतो, विहिरींत गढूळ पाणी उतरलेले असते आणि गॅस्ट्रोचे दिवस सुरू झालेले असतात. शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी टाकी धुवावी, आदल्या दिवशी भरावी आणि प्रवेशोत्सवाच्या सकाळी मुलांसमोरच ओटी टेस्ट करावी. रंग बदलताना पाहायला मुलांना आवडते.

पावडर मेली आहे म्हणालो, ते शब्दशः घ्या. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, दमट किंवा तापलेल्या खोलीत पडले, की ते हवेत उडून जाते आणि उरतो तो नुसता चुना. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर पाणी शुद्धीकरणासाठी निरुपयोगी समजतात. तिची तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते. पोते घेताना उत्पादनाची तारीख पाहावी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून वर, अंधाऱ्या आणि थंड जागी ते ठेवावे, आणि लोखंडी डबा वापरू नये, तो महिन्याभरात गंजतो.