पाचांतले तीन

टेनिस हा मुळात एकलकोंड्यांचा खेळ. कबड्डीत बाद झालेल्या गड्याला सोबती जिवंत करतात, खो-खोत पाठलाग करणारा खो देऊन जागेवर बसतो. टेनिसपटू मात्र आखलेल्या चौकटीत एकटा उभा असतो. सर्व्हिस जाळ्यात गेली तर रागवायलाही जवळ कुणी नसते. व्यावसायिक स्पर्धांत प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून नुसती खूण केली तरी तो कित्येक वर्षे गुन्हा होता. अशा माणसांची मोट बांधायची, आणि तीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची, म्हणजे कठीणच काम.

अपवाद डेव्हिस चषकाचा. आमच्या पिढीला त्या कथा पाठ आहेत. १९६६ च्या डिसेंबरात कलकत्त्यात ब्राझीलशी २-२ अशी बरोबरी होती. शेवटच्या लढतीत रामनाथन कृष्णन टॉमस कॉखविरुद्ध दोन सेट गमावून बसला होता आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असा मागे होता. तिथून त्याने सामना फिरवला आणि भारत प्रथमच अंतिम फेरीत गेला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असे हरवले. पण तो एक गुण कुठला, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. तो दुहेरीचा. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीला हरवले, आणि ती जोडी आदल्याच वर्षी विम्बल्डन जिंकलेली! १९७४ साली तर अमृतराज बंधूंचा आपला संघ अंतिम फेरीत पोचला आणि समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आली. भारताने खेळायलाच नकार दिला. चषक त्यांच्याकडे न खेळता गेला.

मात्र त्या काळच्या डेव्हिस चषकात एक सोय होती. दोन तगडे खेळाडू असले की भागे, कारण तेच एकेरी खेळत आणि तेच दुहेरी. अमेरिकेतल्या शाळांत ती सोय नाही, हे मला २०२३ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीला मुलीकडे गेलो तेव्हा समजले. तिथे मुलींच्या शालेय टेनिसचा हंगाम शरदात असतो, मुलांचा वसंतात. दोन शाळांची लढत म्हणजे तीन एकेरी आणि दोन दुहेरी. एका मुलीने एकच सामना खेळायचा. म्हणजे सात मुली हव्यात, आणि पाचांतले तीन सामने जिंकेल ती शाळा विजयी. पहिल्या क्रमांकाच्या मुलीने ६-०, ६-० असा फडशा पाडला तरी गुण एक. दुसऱ्या दुहेरीतल्या दोघींनी अडीच तास धडपडून तिसरा सेट कसाबसा काढला तरी गुण एकच.

माझी नात त्या दुसऱ्या दुहेरीत होती, आणि तिला ते मुळीच मान्य नव्हते.

ऑगस्टमध्ये मुलींच्या आपसांत लढती होतात, त्यांवरून क्रम लागतो. तिसऱ्या एकेरीची जागा तिच्याकडून नववीतल्या एका पोरीने घेतली. घरी येऊन तिने रॅकेट बॅगेतून काढलीच नाही. "आजोबा, दुहेरीत मी जिंकले तरी ते माझं जिंकणं कुठे असतं?" असे तिने मला विचारले. संघ सोडायचा तिचा विचार पक्का होत आला होता. तिची आई 'कॉलेजच्या अर्जात शाळेचा संघ लागतो' म्हणून सोडू देईना. हे कारण मला पटले नाही, पण परक्या घरात (मुलीचे झाले तरी ते आता परकेच) म्हाताऱ्याने गप्प बसावे.

पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे दुखणे उलटे. ती बाहेरच्या मानांकन स्पर्धा खेळणारी. तिच्या खासगी प्रशिक्षकाच्या मते शाळेचे सामने म्हणजे वेळेचा अपव्यय.

संघाचे प्रशिक्षक शाळेत इतिहास शिकवणारे गृहस्थ होते. पन्नाशीपुढचे, पोट सुटलेले. त्यांच्या तोंडून 'टीम स्पिरिट' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही, आणि तिथेच मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला. बँकेत ठेवी गोळा करायचा पंधरवडा आला की 'आपण सगळे एक टीम' हे भाषण मी तीस वर्षे ऐकले. उद्दिष्ट पुरे झाले की ढाल साहेबांच्या केबिनमध्ये लागायची आणि दारोदार हिंडलेला कारकून पुन्हा काउंटरवर.

या गृहस्थांनी मुलींना एकच नियम घातला. आपला सामना संपला म्हणून कुणी बसमध्ये जाऊन बसायचे नाही, फोन काढायचा नाही. जे कोर्ट अजून चालू असेल त्याच्या जाळीमागे उभे राहायचे. मला आमची जुनी शाखा आठवली. रोकड जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. चूक रोखपालाची असली तरी व्हाउचरे सगळे तपासत, आणि सात रुपये सापडले की चहा सगळ्यांना.

त्या मानांकित मुलीला ते काय म्हणाले, हे नातीनेच मला सांगितले. "तुझा सामना चाळीस मिनिटांत संपतो. मला त्याच्यानंतरचा तुझा दीड तास हवा आहे." शिवाय आठवड्यातून एक दिवस तिने दुसऱ्या दुहेरीच्या जोडीला सर्व्हिस टाकायची. प्रारंभी ती नाइलाजाने टाकी. तिसऱ्या आठवड्यात ती नातीला 'रिटर्न मारताना आधी पाय हलव' म्हणून ओरडू लागली. नात घरी येऊन चिडली; पण मागच्या अंगणात पाय हलवू लागली.

ऑक्टोबरात विभागीय स्पर्धा आली. उपांत्य सामन्यात २-२ झाले आणि चालू राहिले ते एकच कोर्ट, दुसऱ्या दुहेरीचे. पंच नसतात, चेंडू आत की बाहेर ते मुलींनीच सांगायचे. पाच मुली जाळीला बोटे अडकवून उभ्या. नात आणि तिची जोडीदार तिसरा सेट ७-५ असा जिंकल्या. टाळ्यांपेक्षा किंचाळ्याच जास्त. मानांकित मुलगी सर्वांत आधी दार ढकलून आत धावली.

अंतिम सामन्यात मात्र वेगळेच घडले. नातीची जोडी लवकर जिंकून मोकळी झाली. पुन्हा २-२, आणि उरले पहिल्या एकेरीचे कोर्ट. समोरची मुलगीही तितकीच कसलेली. तीन सेट चालले, ऊन उतरले, थंडी पडली. आमची मुलगी हरली. शाळा २-३ अशी हरली.

ती बराच वेळ बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहिली. नात तिच्या शेजारी जाऊन बसली. काय बोलली ते मला जाळीबाहेरून ऐकू आले नाही. मग दोघींनी मिळून चेंडू गोळा केले.

गाडीत नात म्हणाली, "आजोबा, पुढच्या ऑगस्टमध्ये मी त्या नववीतल्या पोरीला पुन्हा आव्हान देणार. तिसरी एकेरी माझी आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "नाहीतर आहेच दुहेरी."